इंजिन कॉकपिटमधून दिसत नाही : विमान कंपन्यांच्या व्यवस्थापनाला आणि नियामकांना खुलं पत्र

मा. व्यवस्थापन आणि परवाने देणारे मा. नियामक अधिकारी,

नमस्कार.

मी केबिन इनचार्ज आहे. १७ वर्षं झाली या कामाला. मागच्या महिन्यात आमच्या कंपनीचं एक पानाचं सर्क्युलर आलं. वैमानिक आणि केबिन क्रू यांचा वर्षातून एकदा एकत्र होणारा इमर्जन्सीचा वर्ग यापुढे बंद, त्याऐवजी प्रत्येकाने आपापल्या वेळेत ४० मिनिटांचं ऑनलाइन मॉड्यूल पूर्ण करायचं आणि शेवटी १० प्रश्नांची उत्तरं द्यायची. कारण दिलंय वेळापत्रकाची सोय. आणि या सर्क्युलरच्या १५ दिवस आधी माझ्या टीममधल्या एका ज्युनियर मुलीला खुलासा मागणारं पत्र आलं होतं, की टेकऑफनंतरच्या स्टराइल काळात, म्हणजे जेव्हा कॉकपिटशी कामाशिवाय बोलायचं नसतं तेव्हा, इनचार्जला न कळवता, थेट कॉकपिटला इमर्जन्सी कॉल का केला.

ती इनचार्ज मीच होते. मला कुणीही काहीही विचारलं नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले तेव्हा माझी झोप उडाली. ठरलेल्या मार्गाने तीनदा लिहिलं, पोचपावतीपलीकडे काही आलं नाही, म्हणून आता उघड लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही कारण कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि दुसऱ्या कंपन्यांतल्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्याकडेही हे वर्ग असेच कमी कमी होत चाललेत. आणि हे पत्र फक्त तुमच्यासाठी नाही, जे लोक आमच्या भरवशावर खुर्चीत बसून पट्टा लावतात त्यांनीही वाचावं म्हणून आहे.

आधी त्या रात्री काय झालं ते सांगते.

रात्रीचं फ्लाइट, दोन इंजिनांचं जेट, जवळपास सगळ्या सीट भरलेल्या. चाकं आत गेली, चढ सुरू झाला, तीनेक मिनिटं झाली असतील, आणि धाड असा आवाज आला, मग परत, मग परत. विमान एका बाजूला ओढल्यासारखं झालं आणि लगेच सावरलं. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना माहितीये, कुणीतरी बाहेरून हातोडा मारतंय असं वाटतं. इंजिनात हवा पुढून मागे सुरळीत जायच्याऐवजी मध्येच अडखळते आणि उलटी फेकली जाते, त्याला सर्ज म्हणतात, कॉम्प्रेसर स्टॉल पण म्हणतात. दिवसा आवाज येतो, रात्री आवाजाबरोबर जाळाची जीभही दिसते.

मी पुढच्या दाराजवळ जम्पसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या खुर्चीवर, होते. माझं तोंड प्रवाशांकडे, म्हणजे विमानाच्या मागच्या बाजूला. खिडक्यांवर केशरी उजेड दिसला तो माझ्या उजव्या हाताला. आणि माझ्या मनात पहिला शब्द आला, उजवं. सतरा वर्षांच्या अनुभवानंतर. मी उलटी बसले होते, माझा उजवा हात म्हणजे विमानाची डावी बाजू. दोन-तीन सेकंद गेले माझे हे सुलटं करण्यात. तेवढ्यात समोरच्या रांगेतला एक माणूस ओरडला राइट राइट, तो कुणाला उद्देशून काय म्हणत होता देव जाणे.

त्या दोन-तीन सेकंदांत मागच्या गॅलीतल्या त्या ज्युनियर मुलीने काम केलं होतं. तिच्या दाराच्या छोट्या खिडकीतून इंजिनाचं मागचं तोंड सरळ दिसतं. तिने इमर्जन्सी कॉल लावला आणि एवढंच म्हणाली, "एक नंबर इंजिन, डावं, मागून जाळ येतोय, आवाजाबरोबर येतो आणि जातो, पंखाला आग नाही." बस. फोन ठेवला नाही, धरून थांबली.

कॅप्टननी नंतर आम्हाला सांगितलं की आकडे त्यांनाही एक नंबरकडेच बोट दाखवत होते, पण धक्के बसताना काटे स्थिर नव्हते, आणि दोघांनी एकमेकांना विचारून खात्री करायच्या आधी हात लावायचा नव्हता. तिचं वाक्य आलं आणि तीन गोष्टी जुळल्या, आकडे, विमान ज्या बाजूला ओढत होतं ती बाजू, आणि बाहेरून बघणाऱ्या माणसाचे डोळे. एक नंबर इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लीव्हर हळूहळू मागे घेतला, आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी ताकदीवर, आणला, धाड धाड बंद झाली. मग चेकलिस्ट, मग टॉवरला कळवणं, मग मला फोन. निघालो तिथेच परत उतरलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उतरताना प्रवासी कॅप्टनचे आभार मानत होते, ते मानायलाच हवेत, पण मागच्या दाराशी उभी असलेली ती मुलगी थरथरत सगळ्यांना "सावकाश उतरा" म्हणत होती, आणि तिचे आभार पुढे पंधरवड्याने खुलाशाच्या पत्राने मानले गेले. हे मला सहन होत नाही, स्पष्टच सांगते.

आता मूळ मुद्दा, जो तुम्हाला माहिती असायला हवा पण सर्क्युलर वाचून वाटतं की विसरलात.

आज जी दोन इंजिनांची बहुतेक प्रवासी जेट उडतात त्यांच्या कॉकपिटमध्ये आपल्या खुर्चीत बसून वैमानिकाला इंजिन दिसत नाही. पंखाखाली, बरंच मागे असतं ते. त्यांना दिसतात आकडे. फॅन किती फिरतोय, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान किती, तेलाचा दाब, थरथर. आगीची सूचना देणारे सेन्सर इंजिनाभोवतीच्या आवरणात असतात, शेपटीच्या नळीतून, म्हणजे टेलपाइपमधून, जाळ निघाला तर ते सेन्सर गप्प राहू शकतात. इंजिन सुरू करताना कधीकधी टेलपाइपला आग लागते, तेव्हा कॉकपिटमध्ये आगीचा दिवा लागतही नाही, जमिनीवरचा माणूस किंवा केबिनमधला माणूस सांगतो तेव्हाच कळतं. आणि त्यावरचा उपाय पण वेगळा असतो, इंधन बंद करून इंजिन नुसतं फिरवत ठेवायचं, म्हणजे आतलं जळतं इंधन बाहेर फेकलं जातं. म्हणजे "आग" एवढा एक शब्द सांगून भागत नाही, कुठून, कशी, सतत की मधूनमधून, हे सांगावं लागतं. हे सांगायला कोण शिकवणार, १० प्रश्नांचं मॉड्यूल?

टेकऑफ आणि लँडिंगला आम्ही खिडक्यांचे पडदे वर करायला लावतो, प्रवासी वैतागतात, झोपमोड होते, त्यांना वाटतं आम्ही उगाच नियम दाखवतोय. ते पडदे यासाठीही वर असतात. बाहेर काय चाललंय ते आत कुणाला तरी दिसलं पाहिजे. पण बघितलेलं पुढे पोचवायचा रस्ताच तुम्ही बंद करत असाल तर पडदे वर करून उपयोग काय.

इंजिन बिघडल्यावर वैमानिक काय करतात हे लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप शांत काम आहे. घाई नसते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन गेल्यावरही चढता आलं पाहिजे ही प्रमाणपत्राचीच अट आहे, चाकं आत घेतल्यावर कमीत कमी २.४ टक्के चढ, एका इंजिनावर. म्हणून आधी विमान सांभाळायचं, बऱ्याच ठिकाणी ४०० फुटांच्या आत इंजिनाला हातच लावायचा नाही असा शिरस्ता असतो, मग दोघांनी मिळून ओळखायचं कुठलं इंजिन, मग एकाने लीव्हरवर हात ठेवून विचारायचं, दुसऱ्याने बघून होकार द्यायचा, मगच मागे घ्यायचं. इंधन तोडताना परत तेच. ही सगळी रचना एकाच भीतीपोटी आहे, चुकीचं इंजिन बंद होऊ नये. कारण एक बिघडलेलं इंजिन घेऊन विमान उतरतं, पण चांगलं बंद करून बिघडलेल्यावर भरवसा ठेवला तर काय होतं ते जगाने पाहिलंय.

८ जानेवारी १९८९. इंग्लंडमधलं केगवर्थ. लंडनहून बेलफास्टला निघालेलं बोइंग ७३७-४००, त्यात १२६ माणसं. डाव्या इंजिनातल्या फॅनचं एक पातं तुटलं, विमान थरथरायला लागलं, धुराचा वास आला. कॉकपिटमध्ये गोंधळ झाला आणि उजवं इंजिन बिघडलंय असं ठरलं. त्या मॉडेलवर थरथर दाखवणारा गेज होता, तो डावं इंजिन दाखवत होता, पण तो छोटा होता आणि त्यावर कुणाची नजर ठरली नाही. उजवं मागे घेतलं आणि योगायोगाने त्याच वेळी थरथर आणि धूर कमी झाला, कारण ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप ठरवणारी यंत्रणा, काढल्यामुळे डाव्या इंजिनावरचा ताणही उतरला होता. झालं, खात्री पटली. उजवं बंद केलं. कॅप्टननी प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय.

आणि केबिनमध्ये काय? अनेक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून जाळ निघताना आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. मागच्या बाजूच्या तीन केबिन क्रूनेही डाव्या बाजूला आगीची चिन्हं पाहिली होती. कॅप्टन उजवं म्हणतायत, आपण डावं पाहिलं, एवढी मोठी तफावत, पण कॉकपिटपर्यंत हे कुणीच पोचवलं नाही. पुढे उतरताना, रनवे जेमतेम साडेचार किलोमीटरवर, डाव्या इंजिनाने दम तोडला. विमान रनवेच्या अलीकडे मोटरवेच्या कडेच्या बांधावर आदळलं. ४७ माणसं गेली.

मी या अपघाताबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या त्या एकत्र वर्गात. एक वयस्कर कॅप्टन शिकवत होते. त्यांनी फळ्यावर विमानाचा आकार काढला, आम्हाला उलट्या खुर्च्यांवर बसवलं आणि विचारलं, डावं इंजिन दाखवा. निम्म्या लोकांचे हात चुकीच्या बाजूला गेले, त्यात मी पण होते. मग ते म्हणाले, डावं-उजवं नंतर, आधी नंबर सांगा, वैमानिक पुढे तोंड करून बसतो त्याच्या डावीकडून मोजायचं, एक, दोन. त्या रात्री मागच्या मुलीने "एक नंबर" आधी म्हटलं आणि "डावं" नंतर, ते त्या फळ्यामुळे. आणि मी स्वतः दोन-तीन सेकंदांत का होईना सुलटी झाले ती पण त्या फळ्यामुळेच. ते मॉड्यूल मी पूर्ण केलंय. त्यात इंजिनावर तीन स्लाइड आहेत. उलट्या बसण्याबद्दल एक शब्द नाही.

केगवर्थच्या चौकशी अहवालात शिफारस होती की आणीबाणीत वैमानिक आणि केबिन क्रू यांच्यातला समन्वय सुधारावा म्हणून त्यांचे प्रशिक्षणाचे सराव घ्यावेत. एकत्र वर्ग कुणाच्या हौसेतून आलेले नाहीत, ४७ माणसांच्या मागे आलेत. जे बंद करायचंय ते कशातून आलं होतं एवढं तरी सही करण्याआधी बघायचं.

आणि ते एकटंच उदाहरण नाही. त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८९ ला कॅनडात ड्रायडनला एक जेट पंखांवर बर्फ असताना उडालं आणि पडलं, ६९ पैकी २४ गेले. इंजिनाचा प्रश्न नव्हता तो, पण केबिनमधून पंखावरचा बर्फ दिसला होता आणि ते कॉकपिटला सांगितलं गेलं नाही, कारण वैमानिकांना असं काही केबिनमधून ऐकायला आवडत नाही अशी समजूत होती. ही समजूत कशी तयार होते? खुलाशाच्या पत्रांनी तयार होते.

मँचेस्टर, २२ ऑगस्ट १९८५. टेकऑफच्या धावेत डाव्या इंजिनाचा भाग फुटला, पंखातल्या इंधनाच्या टाकीला भोक पडलं, कॉकपिटमध्ये फक्त धप्प असा आवाज, त्यांना वाटलं टायर फुटला, म्हणून ब्रेकसुद्धा बेताने लावले. आगीचं कळेपर्यंत आणि विमान रनवेवरून वळून थांबेपर्यंत वाऱ्याने जाळ सरळ विमानाच्या अंगावर आणला होता. १३७ पैकी ५५ माणसं गेली, त्यात मागच्या दोन केबिन क्रूही. आजही मला मागच्या जम्पसीटवर नवीन मुलींना बसवताना त्या दोघी आठवतात.

उलट बाजूही सांगते. ४ नोव्हेंबर २०१०, सिंगापूरहून निघालेलं क्वांटासचं ए-३८०, दोन नंबरचं इंजिन फुटून त्याच्या तुकड्यांनी पंख फाडला, कॉकपिटमध्ये इशाऱ्यांचा पाऊस. त्यात पाच वैमानिक होते आणि तरीही त्यांनी काय केलं, एकाला केबिनमध्ये पाठवलं, खिडकीतून पंख बघून ये म्हणून. स्क्रीनवर एवढी माहिती असताना माणसाचे डोळे लागलेच. ४६९ जण होते, सगळे सुखरूप घरी गेले. रोजच्या दोन वैमानिकांच्या विमानात मागे पाठवायला कुणी नसतं, तिथे तो बघणारा माणूस म्हणजे आम्ही.

२८ ऑक्टोबर २०१६, शिकागो. टेकऑफच्या धावेत बोइंग ७६७ चं उजवं इंजिन फुटलं, मोठी आग लागली, विमान थांबवलं. प्रवासी डाव्या बाजूने बाहेर पडायला लागले तेव्हा डावं इंजिन अजून चालू होतं. केबिनमधून कॉकपिटशी फोनवर नीट संपर्क झाला नाही. १७० जण बाहेर पडले हे खरं, पण एका प्रवाशाला चालू इंजिनाच्या झोताने फेकलं आणि तो गंभीर जखमी झाला. आग दिसतेय म्हणून केबिनने दार उघडणं बरोबर, इंजिन बंद करायच्या चेकलिस्टमध्ये वैमानिक असणं पण बरोबर, दोघं आपापल्या जागी बरोबर असूनही असं होतं, आणि हे टाळायला दोघांनी एका खोलीत बसून एकदा तरी हे करून बघितलेलं असावं लागतं. ऑनलाइन वेगवेगळं बसून मला माझी बाजू कळेल, त्यांना त्यांची, मधलं कुणालाच कळणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

एक, ते पत्र. स्टराइल कॉकपिटचा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला, १०,००० फुटांखाली कामाशिवायचं बोलणं नको म्हणून. चहा-कॉफी विचारणं, गप्पा, पुढच्या फ्लाइटचं विचारणं, हे नको. सुरक्षेची गोष्ट सांगू नका असं तो नियम कधीच म्हणत नाही. इंजिनातून जाळ येतोय हे सांगणं स्टराइल काळात चालत नसेल तर मग काय चालतं? आणि इनचार्जला आधी का नाही सांगितलं, कारण इनचार्ज विमानाच्या दुसऱ्या टोकाला उलटी बसली होती आणि स्वतःच बाजू सुलटी करत होती. तिने मला आधी सांगितलं असतं तर तिचं बरोबर वाक्य माझ्या तोंडून चुकीचं होऊन कॉकपिटला जाण्याची शक्यता होती, हे मी माझ्या नावाने लेखी द्यायला तयार आहे. पत्र आल्यापासून ती मुलगी बदललीये. परवा एका फ्लाइटला गॅलीत जळका वास आला तर तिने आधी मला विचारलं, "मॅम, सांगू का कॉकपिटला?" ओव्हन निघाला, पण ती विचारत उभी होती ते मला आवडलं नाही. तिच्याबरोबरच्या चार मुलींनी ते पत्र पाहिलंय. त्यापण आता विचारूनच फोन उचलतील.

दुसरं, तुमचं म्हणणं असतं की इंजिनं आता फार भरवशाची झालीत. झालीत, अगदी मान्य. दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर १८० मिनिटांच्या अंतरापर्यंत समुद्रावरून जाऊ द्यायचं तर उड्डाणात इंजिन बंद करावं लागायचं प्रमाण १००० इंजिन-तासांमागे साधारण ०.०२ च्या आत लागतं, म्हणजे ५०,००० तासांत एकदा. कित्येक वैमानिक निवृत्त होतात तरी त्यांच्यावर खरी वेळ येत नाही. आम्हा केबिनवाल्यांचं तर विचारूच नका. पण याचा अर्थ तुम्ही उलटा लावताय. जी गोष्ट रोज होते ती रोज करून येते. जी आयुष्यात एकदा होईल किंवा होणारही नाही ती फक्त सरावातच शिकता येते, दुसरी जागाच नाही. वैमानिकांना निदान सिम्युलेटर तरी आहे, तिथे दर वेळी इंजिन बंद पडतं, हात तयार राहतो. पण तिथेही एक गंमत नाही पण खटकणारी गोष्ट असते, केबिन म्हणून इन्स्ट्रक्टरच फोनवर बोलतो, आणि त्याला इंजिनाचं सगळं माहिती असतं. घाबरलेली, अर्धवट पाहिलेली, उलटी बसलेली मुलगी फोनवर कशी बोलते हे वैमानिकांना कुठे ऐकायला मिळणार?

तिसरं, नियामकांसाठी. तुमच्या तपासणीत माझ्या फाइलमध्ये "प्रशिक्षण पूर्ण" एवढंच दिसतं. ४० मिनिटांचं पण पूर्ण, दिवसभराचं पण पूर्ण. कधीतरी येऊन आम्हाला दोन प्रश्न विचारा ना.

चौथं, परत आल्यावर त्या रात्रीची एकत्र डिब्रीफ, म्हणजे काय घडलं याची उजळणी, झालीच नाही. वैमानिकांची वेगळी झाली, इंजिनिअरांची वेगळी, आमची ड्युटी संपली म्हणून सही घेतली आणि घरी पाठवलं. कॅप्टननी जे सांगितलं ते गाडीची वाट बघत उभे असताना, स्वतःहून. त्यांनी सांगितलं नसतं तर त्या मुलीला कधी कळलंही नसतं की तिच्या वाक्याने काय झालं, तिच्या हातात फक्त ते खुलाशाचं पत्र राहिलं असतं.

मागण्या साध्या आहेत.

तिचं पत्र लेखी मागे घ्या, आणि तिच्या फाइलमधून काढा. सुरक्षेच्या कारणासाठी केबिनमधून कुणीही, अगदी पहिल्या महिन्यातली ट्रेनीसुद्धा, कुठल्याही टप्प्यात थेट कॉकपिटला फोन करू शकते आणि तिला त्यासाठी कधीच जाब विचारला जाणार नाही, हे एका ओळीत सगळ्यांना कळवा. फोन चुकीचा निघाला तरी. चुकीच्या निघालेल्या दहा फोनांचा त्रास कॅप्टन सहन करतील, मी त्यांना ओळखते.

एकत्र वर्ग परत सुरू करा. वर्षातून एक दिवस, वैमानिक आणि केबिन एका खोलीत. त्यात उलट्या खुर्च्या हव्यात, खरा इंटरफोन हवा, आणि इंजिनाचे निदान तीन वेगळे प्रसंग, टेकऑफनंतरचा सर्ज, जमिनीवरची टेलपाइपची आग, आणि थांबवलेल्या टेकऑफनंतर एक इंजिन चालू असताना बाहेर पडणं. कॅप्टन आम्हाला देतात ते निट्स ब्रीफिंग, काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे, वेगळ्या सूचना काय, ते पण तिथेच करून बघायचं, आणि आम्ही ते त्यांना परत म्हणून दाखवायचं. मॉड्यूल ठेवा खुशाल, ते वर्गाच्या आधी वाचायला चांगलं आहे.

कॅप्टननी इंजिनाबद्दल केबिनला काही सांगितलं आणि केबिनने वेगळं पाहिलं असेल, तर ते लगेच उलट कळवणं हे आमचं कर्तव्य म्हणून मॅन्युअलमध्ये लिहा. आज तिथे "आवश्यक वाटल्यास" असं आहे. ते दोन शब्द काढा.

सिम्युलेटरच्या सत्रांमध्ये अधूनमधून खरा केबिन क्रू फोनच्या दुसऱ्या टोकाला बसवा. खर्च फार नाही, आमच्यातल्या कित्येक जणी सुट्टीच्या दिवशी येतील, मी पहिली येईन.

आणि नियामकांनी पुढच्या तपासणीत फाइल बंद करून कुठल्याही दोन केबिन क्रूना पुढच्या जम्पसीटवर बसवावं आणि विचारावं, दोन नंबरचं इंजिन कुठल्या हाताला. जे उत्तर येईल ते तसंच्या तसं अहवालात लिहावं.

उत्तर मला एकटीला नको, सगळ्या क्रूला द्या, नोटीस बोर्डवर लावा. त्या मुलीची पुढची ड्युटी माझ्याबरोबरच लागलीये, येत्या आठवड्यात, मागचं दार तिचंच आहे. त्याआधी तिचं पत्र मागे आलं तर बरं होईल.

आपली,
एक केबिन इनचार्ज